गुलाबाची पानं कोण खातंय?

आमच्या बाल्कनीतली कीड ओळखायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी शेतकऱ्याचा मुलगा आहे. (शेती देवगाव रंगारीला. मी चिकलठाण्याच्या कारखान्यात बिलं तपासतो. कापूस फुटलेला असेल, तर पऱ्हाटी मी नक्की ओळखतो!)

माझ्या बायकोच्या, वैशालीच्या, गुलाबाची पानं कोणीतरी खात होतं. खात तरी कसं? नाणं ठेवून कात्रीनं कापावेत तसे कडेचे गोल तुकडेच गायब! आणि रविवारी सोसायटीची बाल्कनी स्पर्धा. मागच्या वर्षी समोरच्या शीतलवहिनींनी वैशालीचा पहिला नंबर पळवला, तेव्हापासून आमच्या घरात 'दुसरा' हा शब्दच बंद आहे. (जेवताना मी दुसरी पोळी मागत नाही, 'अजून एक' म्हणतो.)

"काय आहे हे?" वैशालीनं विचारलं.

मी पान उलटं केलं, सुलटं केलं, उन्हात धरलं. "अळी!"

"कुठाय?"

"लपते ती."

"कुठं लपते?"

"ते तिलाच माहीत!"

शेवटी गावाकडं नानाकाकांना व्हिडिओ कॉल लावला. काकांची उभी हयात कापसात गेलेली.

"बाळू, पान दाव पान! तुझं थोबाड कशाला दावतो?" मी पान दाखवलं. "अळीच हाय! पक्षी थांबे लाव. पाखरं बसत्यात न् अळ्या टिपत्यात. आमच्या वावरात लई फरक पडतो."

मी काठ्यांवर आडव्या पट्ट्या ठोकून कुंडीकुंडीत थांबे रोवले. पाखरंही आली. सगळे पारवे! अळ्या टिपायचं सोडून त्यांनी काड्या आणायला सुरुवात केली आणि एक गलेलठ्ठ जोडपं पिटुनियाच्या कुंडीत मांडी ठोकून बसलं.

"काका, पारवे आले!"

"मंग पिवळे चिकट सापळे लाव. शहागंजात मिळत्याल. काय बी उडू दे, चिकटतंय."

"कुठंकुठं लावू?"

"आमी तर पावलापावलावर लावतो!"

मीही लावले. आमची बाल्कनी मुळात दोनच पावलांची, त्यामुळं आत शिरायला जागा उरली नाही.

"बाल्कनीला हळद लागलीय का?" वैशाली ओरडली. "स्पर्धेआधी काढ हे सगळं!"

"काढतो गं!" मी म्हणालो. आणि परीक्षक ठरल्या वेळेच्या आधीच दारात हजर!

परीक्षक म्हणजे कुलकर्णी मॅडम, वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. त्या गुलाबाकडे वाकल्या आणि त्यांचा पदर एका सापळ्याला चिकटला. मी सोडवायला गेलो, माझं कोपर चिकटलं. मॅडम मागं वळल्या, तर अंबाडाच चिकटला!

"हलू नका मॅडम!" म्हणत मी जोरात ओढलं. मॅडम किंचाळल्या. पारवे उडाले. वैशाली खोबरेल तेलाची बाटली घेऊन धावली.

तेवढ्यात मॅडमची नजर त्या कापलेल्या पानावर गेली आणि त्या अंबाड्याचं दुःखच विसरल्या.

"अगं बाई, पानकापी मधमाशी! पानाचे तुकडे नेऊन घरटं बांधते ती. झाडाचं काही बिघडत नाही. ही जिथं येते ती बाग जिवंत! एवढ्यावरच मी तुम्हाला पहिला नंबर देईन. कुठाय ती?"

आम्ही सगळीकडं शोधलं. वैशालीनं तेल लावून मॅडमच्या अंबाड्याचा सापळा अलगद सोडवला आणि माझ्यापुढं धरला. मधमाशी त्याच्यावर होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पहिला नंबर शीतलवहिनींचा. आम्हाला उत्तेजनार्थ.

संध्याकाळी काकांचा फोन आला. वैशालीनं तो स्पीकरवर टाकला, खास माझ्यासाठी.

"सूनबाई, घावली का कीड?"

"घावली, काका. दोन पायांची हाय. तुमच्याच देवगावचं वाण."

काका अगदी गंभीरपणे म्हणाले, "मंग फवारून उपेग नाय, पोरी. तिचं पाणी तोड!"

काकांच्या सगळ्या उपायांपैकी हा एकच तंतोतंत लागू पडला. चहा मी सध्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये पितो.