वाक्यं त्यांची, वही माझी

किस्से जमवावे लागत नाहीत हो, ते साठतात. स्वयंपाकघरातल्या रिकाम्या बरण्यांसारखे. टाकवत नाहीत, आणि एक दिवस कपाट उघडलं की धडाधड अंगावर येतात! माझं कपाट म्हणजे एक वही. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमारास मी नाशिकजवळ द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये सुपरवायझर होतो. चाळीस बायका एक्स्पोर्टची द्राक्षं खोक्यात भरायच्या आणि दिवसभर बोलायच्या. एखादं वाक्य आवडलं की मी वहीत टिपून ठेवायचो.

*

पहिल्याच दिवशी मी लेक्चर झोडलं. "घड देठाला धरायचा. मण्याला बोट लागलं की वरची पांढरी पावडर पुसली जाते."

सगळ्यात जुन्या शेवंताबाई म्हणाल्या, "द्राक्षं हायेत का नवी नवरी? निस्ती बघायची, हात नाय लावायचा!"

बायका खो खो हसल्या. मी तेव्हा बिनलग्नाचा! कान लाल झाले, पण वाक्य वहीत गेलं.

*

एकदा लंडनहून गोरं गिऱ्हाईक आलं. डोक्याला जाळी, हातात भिंग, एकेक घड उलटासुलटा करून बघतंय. मंगल नावाची पोरगेलीशी बाई होती, तिला राहवेना.

"हा इमानात बसून इतक्या लांबून द्राक्षं बघाया आला. आन आमच्या नवऱ्याचे बांधापर्यंत जायचं म्हणलं तर पाय दुखत्यात!"

गोऱ्यानं मला विचारलं, काय म्हणाली? मी म्हटलं, "वेलकम म्हणतेय!"

*

मग एका सोमवारी सगळं पॅकहाऊस गप्प. नुसती कात्र्यांची कचकच. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. दादा, म्हणजे आमचे मालक, एकदम खूश. "काय शिस्त लावलीस रे!"

मला मात्र करमेना. शेवटी मंगलनं सांगितलं, "तुमी बोलणाऱ्या बायांची नावं लिहिता ना? आधीचा सुपरवायझर लिहायचा. दुसऱ्या दिवशी तिला कामावर घ्यायचे नाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जेवणाच्या सुट्टीत अख्खी वही मोठ्यानं वाचून दाखवली.

शेवंताबाई थक्क! "हे मी बोलले? लय शहाणी हाय की मी!"

*

त्यानंतर काय विचारता! बायका घरून तयारी करून यायला लागल्या.

मंगल म्हणाली, "घ्या लिहून. मनुष्याने नेहमी सत्य बोलावे."

"अगं, हे कॅलेंडरवरचं आहे!"

"मग? आमच्याच भिंतीवर हाय ना ते!"

*

आणि हा शेवटचा. मार्च संपत आलेला, पत्र्याखाली जीव नकोसा होत होता. पंखे बसवा म्हटलं की दादांचं उत्तर ठरलेलं, "पुढच्या वर्षी." त्या दिवशी माझी वही टेबलावर राहिली आणि नेमकी दादांच्या हातात पडली. दोन-चार पानं हसत वाचली. मग हसू थांबलं आणि त्यांनी मोठ्यानं वाचलं, "दादाचं पुढचं वर्ष लय लांबच्या गावाला हाय. तिथं एसटी बी जात नाय."

"कुणाचं हे?"

वहीत मी नावं लिहीत नव्हतो. पण वाक्य शेवंताबाईंचं, हे आम्हां सगळ्यांना ठाऊक. त्यांच्या घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच. त्या खाली मान घालून उभ्या राहिल्या. माझ्या हौसेपायी बाईची चूल विझणार होती.

"जिचं असेल तिनं उद्यापासून यायचं नाही," दादा म्हणाले.

"माझं हाय." कोपऱ्यातून आवाज आला.

हिराबाई! पेठ तालुक्यातल्या. सहा सीझन आमच्याकडे होत्या, पण त्यांचं बोलणं कुणी ऐकलं नव्हतं. माझ्या वहीत त्यांचं एकही वाक्य नव्हतं.

दादा चक्रावले. "तू? सहा वर्षांत तुझ्या तोंडून एक शब्द ऐकला नाही मी!"

"तुमी कधी काय इचारलंच नाय," हिराबाई म्हणाल्या.

 दादांनी वही माझ्यापुढे सरकवली.

"लिही हे," म्हणाले. "आणि उद्या सगळ्यांनी यायचं."