फॉर्मवरचा मातृभाषेचा रकाना

बावीस वर्षं आमच्या घरात राहिलेल्या बाईची भाषा कोणती, हे आम्हाला ती जायच्या दोन दिवस आधी कळलं.

आज मीनावहिनीला जाऊन एक वर्ष झालं. वर्षभर हे लिहायचं टाळलं. माझी मलाच लाज वाटत होती.

वहिनी फिलिपिन्सची. दादा दुबईत एका हॉटेलात एसी मेंटेनन्सला होता, ती तिथेच हाउसकीपिंगला. लग्न करून मोशीला आली. पासपोर्टवर नाव मारिलू. लग्नात दादाने ताटातल्या तांदळात अंगठीने 'मीना' लिहिलं आणि मारिलू तिथेच संपली.

मराठी ती माझ्या आईकडून शिकली. म्हणजे पुस्तकातली नाही, आमच्या गावठाणातली. मी कॉलेजात जाऊन शुद्ध बोलायला लागले होते, आणि ही बाई भाजीवाल्याला ऐकवायची, "न्हाई रं भाऊ, कालची हाय ही मेथी."

आईला तिचा केवढा अभिमान. चारचौघांत म्हणायची, "माझी बोली लेकीनं टाकली आन् सुनेनं उचलली."

हिंदी टीव्हीवरून शिकली. इंग्लिश होतंच. दुबईची थोडी अरबी. आणि रविवारी दुबईच्या जुन्या मैत्रिणींशी व्हिडिओ कॉलवर फिलिपिनो. आम्ही सगळ्यांना कौतुकाने सांगायचो, वहिनीला पाच भाषा येतात.

सहावी आम्ही कधी मोजलीच नाही.

मागच्या वर्षी स्वयंपाक करता करता ती ओट्यापाशी खाली बसली. स्ट्रोक.

चिंचवडला अॅडमिट केलं. फॉर्म मी भरला. चाकणच्या कंपनीत एचआरला आहे, फॉर्म भरण्यात माझा हात कोण धरणार. मातृभाषा: फिलिपिनो. ठसठशीत अक्षरात.

चौथ्या दिवशी वहिनी बोलायला लागली. मराठी गेली होती. इंग्लिशही गेलं होतं. दादा समोर उभा, आणि त्याला एक अक्षर कळेना. एकच काहीतरी ती परत परत सांगत होती.

डॉक्टर म्हणाले, कधी कधी मागून शिकलेलं पुसलं जातं, लहानपणची भाषा तेवढी राहते. तिची भाषा येणारं कुणीतरी आणा.

माहेरी कुणी उरलं नव्हतं. मैत्रिणींचे नंबर तिच्या फोनमध्ये, आणि फोनचा पॅटर्न दादालाही माहीत नव्हता. मी दिसेल त्या ग्रुपवर मेसेज टाकले. फिलिपिनो बोलणारी व्यक्ती अर्जंट हवी आहे.

तोवर माझी सेवा चालूच होती. ती सारखी चादर ओढायची. अंगात जरा ताप होता, मला वाटलं उकडतंय. मी चादर काढून घेतली, एसी वाढवायला सांगितला, ओल्या रुमालाने कपाळ पुसत बसले. ती आणखी जोरात बोलायची. मी आणखी पुसायचे.

नवव्या दिवशी दुपारी रोवेना आली. हिंजवडीच्या एका आयटी कंपनीत ट्रेनर, मारुंजीला भाड्याने राहते. फिलिपिन्सचीच. वहिनीचा हात हातात घेऊन बोलायला लागली. वहिनी एकदम तिच्याकडे वळली, काही तरी म्हणाली. रोवेना ऐकत राहिली, मग तिने मला इंग्लिशमध्ये विचारलं, "या कुठल्या गावच्या?"

दादा म्हणाला, मनिला. विमान मनिलाला उतरतं, एवढंच आम्हाला माहीत.

रोवेना म्हणाली, "या फिलिपिनो बोलत नाहीयेत. ती आम्हाला शाळेत शिकवतात. माझ्या घरी सेबुआनो बोलतात. ही बहुतेक इलोकानो आहे, उत्तरेकडची. मला ती येत नाही."

मी विचारलं, मग तुम्ही आपसात काय बोलता? घराबाहेर फिलिपिनो, म्हणाली. घरात ज्याची त्याची वेगळी.

कँटीनमध्ये कुणी मराठीला हिंदीचा प्रकार म्हटलं, तर ताट बाजूला सारून भांडणारी बाई आहे मी. आणि घरातल्या बाईला बावीस वर्षांत एकदाही विचारलं नाही, तुझी आई तुझ्याशी काय बोलायची गं?

माझ्या लेकीला झोपवताना ती काहीतरी गुणगुणायची. छान आहे, म्हणून मी कामाला लागायचे.

रोवेनाने ओळखीतून ओळख काढली आणि हाँगकाँगमधल्या एका इलोकानो बाईंना वहिनीच्या खाटेपासूनच व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी हाक मारली, "मानांग मारिलू." मानांग म्हणजे ताई.

तो चेहरा मी विसरणार नाही. तोंड वाकडं झालेलं, शब्द अडखळत होते, पण वहिनी बोलत होती. मध्येच हसलीसुद्धा. ही बाई मी कधी पाहिलीच नव्हती.

मग त्या बाईंनी मला सांगितलं, "त्यांना थंडी वाजतेय. म्हणतात, मी यांना किती दिवस सांगतेय."

ओला रुमाल माझ्या हातातच होता.

आयुष्यभर एसी दुरुस्त केलेल्या माझ्या दादाने उठून एसी बंद केला. तासाभरात मोशीहून आईची गोधडी आली. वहिनीने ती हनुवटीपर्यंत ओढून घेतली आणि गप्प झाली. तिचं सांगणं एवढंच होतं.

दोन दिवसांनी ती गेली. डॉक्टर म्हणाले, दुसरा स्ट्रोक, थंडीचा काही संबंध नाही. हे मी रोज स्वतःला सांगते. रोज पटतंच असं नाही.

हल्ली कंपनीत कुणी नवीन जॉइन झालं की मातृभाषेच्या रकान्यावर माझं पेन थांबतं. मी विचारते, घरी आई काय बोलते? पोरांना वाटतं, मॅडमचं डोकं फिरलंय.

मारिलू ऊर्फ मीना. मुक्काम मोशी. मातृभाषा इलोकानो.

आज तरी बरोबर लिहिलंय, वहिनी.

गोधडी तुझ्याबरोबरच दिली आहे. तरी थंडी वाजली तर सांग. तिथे तुझी आई असेल, तिला पहिल्यांदा सांगितल्यावरच कळेल.