चाचांबरोबर गेलेलं कासव

जगाच्या पाठीवर कुठंही जा, माणसं शेवटी दाभोळचीच निघतात, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मी एकच पाहिलाय: आमच्या दाभोळच्या शाळेमागच्या घरातले चाचा. सगळा जन्म जहाजावर स्वयंपाकी म्हणून गेला, अजूनही खेपा चालूच. त्यामुळे घरात माणसं दोन, पण भात शिजतो पंचवीस जणांचा, आणि उरलेला पातेल्यासकट शाळेत येतो. घरातले डबे, बरण्या, शेगडी, सगळं सुतळीनं बांधलेलं. "अहो चाचा, जमीन कुठं हलतेय?" असं एकदा विचारलं, तर म्हणाले, "बाई, जहाज पण आधी हलत नसतंच!"

माझ्या चौथीच्या वर्गानं जुन्या मोज्यांचं एक कासव शिवलं होतं. दर रविवारी ते एकेकाच्या घरी पाहुणं जायचं आणि सोमवारी त्या मुलानं त्याची हकिगत सांगायची. कधी ते बागेत आंबे राखायला जाई, कधी बुरोंडीला कुणाच्या मावशीकडं. हे सगळं खिडकीतून ऐकणाऱ्या चाचांना राहवेना. "ह्या खेपेला माझ्यासंगती द्या की वो. चौथीच्या निरोप समारंभाच्या आत आणतो, आणि हकिगत मीच सांगणार." मुलांनी हातावर हात मारून वचन घेतलं. निघायच्या दिवशी चाचांनी दाढीला ताजी मेंदी लावली होती.

कासव गेलं ते थेट कार्ताहेनाला. स्पॅनिश लोकांनी काही शतकांपूर्वी वसवलेलं, तटबंदीचं, समुद्राकाठचं जुनं शहर. माझ्या मोबाइलवर फोटो येऊ लागले: तोफेवर कासव, तटावर कासव, चर्चच्या पायरीवर टोपी घातलेलं कासव. आणि सोबत चाचांचा आवाज, पलीकडच्या जहाजाला हाक मारल्यासारखा. "पोरांनो, दाभोळच आहे हे, फक्त रंग बरा लावलाय! माणसं मात्र पेरूसाठी नुसती वेडी. दोन शब्द बोलली की पेरू, परत दोन शब्द, परत पेरू. पुढच्या खेपेला टोपलीभर आणतो बिचाऱ्यांना!" मी शोधून पाहिलं, तर त्यांच्या भाषेत 'पेरो' म्हणजे 'पण'. मुलं हसून हसून लोळली. त्या दिवसापासून वर्गात कुणी 'पण' म्हणेचना. "बाई, गृहपाठ केलाय, पेरू वही घरी राहिली."

मग जहाज कुठल्याशा बंदरात अडकून पडलं. निरोप समारंभ झाला. मुलं चिवडा खात सारखी दाराकडं बघत होती. निकाल लागला आणि चौथी मोठ्या शाळेत जायला पांगली.

मे महिन्यात मी वर्गातलं कपाट आवरत होते, तर चाचा दारात. चिपळूण स्टेशनवरून एसटीनं तडक आलेले, पाठीला बॅग, खिशातून कासवाचं तोंड बाहेर. रिकाम्या बाकांकडं बघून म्हणाले, "गेली?"

"गेली, चाचा. फार वाट बघितली हो तुमची."

ते एका बाकावर कसेबसे टेकले. "माझी दोन्ही पोरं पण ह्याच वर्गात होती, बाई. त्यांच्या वेळेला पण असाच शाळेला सुट्टी लागल्यावर पोचलो होतो." एवढ्या दणदणीत आवाजाचा माणूस, पण मला ऐकायला पुढं वाकावं लागलं. फार वाईट वाटलं मला. मी हातातलं फडकं ठेवलं, पहिल्या बाकावर जाऊन बसले आणि म्हटलं, "सांगा, मी ऐकतेय."

चाचा फळ्यापाशी गेले. घसा खाकरला, सगळ्या बाकांवरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाले, "पोरांनो, उशीर झाला. माफ करा."