उघडं टोपण

त्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. नाशिकच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात त्या सोशल वर्कर होत्या. बोलायला बसल्या की पेनाचं टोपण काढून टेबलावर ठेवायच्या, आणि समोरचा कितीही वेळ गप्प राहिला तरी परत लावायच्या नाहीत.

धाकट्या भावाला तिथे भरती करताना मी फॉर्मवर फक्त दारू लिहिली. त्याला कानात आवाज ऐकू येतात, त्याच्या गोळ्या चालू आहेत, हे लपवलं. माझ्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती. दारू पिणारा काका लोक चालवून घेतात. गोळ्या घरी कपाटातच राहिल्या. 'तिथं आवाजांचं काही बोलू नकोस,' असंही मी त्याला बजावलं होतं.

आठव्या दिवशी बाईंनी मला अंबडच्या कंपनीतून बोलावून घेतलं. भाऊ जेवत नव्हता, भिंतीशी भांडत होता.

"दारू सुटताना होतं असं," मी म्हणालो.

"सुरुवातीला होतं. हे वाढतंय." त्यांचा आवाज चढला नव्हता. "दादा, तुम्ही अर्धाच भाऊ आणून सोडलाय. उरलेला कुठंय?"

मी टोपणाकडे बघत राहिलो. मग सगळं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, डॉक्टरांना फोन केला आणि मला भावाकडे नेलं.

"दादांनी सांगितलंय मला," त्या त्याला म्हणाल्या.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. आठ दिवस तो माझा शब्द पाळत होता.

"मग आता मी बोलू का?" त्यानं मला विचारलं.