वर्गणीतला खेळ आणि शेतात बसलेली मेंढरं

दिलेले पैसे बुडाले, हे तुम्ही कशावरून ठरवता? पैसे घेणारा बोलत नाही म्हणून, की शेजारचा तसं म्हणाला म्हणून?

धारूरच्या डोंगरपट्ट्यात माझा एक मित्र राहतो. घर धनगराचं, वडील अजून मेंढरं राखतात. हा इंजिनिअरिंग शिकला आणि ऑनलाइन खेळ बनवायला बसला. खेळणाऱ्या दोघातिघांनी आपापल्या घरून, एकमेकांच्या साथीनं, मोबाइलवर एक कळप घाट पार करून न्यायचा, असा तो खेळ. त्यासाठी त्यानं इंटरनेटवर वर्गणी मागितली. अनोळखी लोकांनी दिली, गावातल्या काहींनीही दिली. येत्या दिवाळीला खेळ देतो, असं तो लिहून बसला. त्यानंतर दिवाळ्या आल्या नि गेल्या.

इंटरनेटवर लोक त्याला फसव्या म्हणू लागले. गावाला निकाल द्यायला इंटरनेटपर्यंत जायची गरज नव्हती. आमच्याकडे ऊसतोडीला जाणारा मुकादमाकडून आधी उचल घेतो, मग कोयता घेऊन जातो. उचल घेऊन जो जात नाही, त्याला गावात तोंड राहत नाही. आधी पैसे, मागून काम, म्हणजे उचलच. तो केजच्या स्टँडवर चहा प्यायला थांबला की कुणीतरी हाक द्यायचंच, “काय बे, चढली का मेंढरं घाट?”

त्यानं कामाची खबर देणं बंद केलं होतं. ते मला पटत नव्हतं. लोकांचा पैसा घेतला की लोकांना सांगणं लागतं, हे मी त्याला तोंडावर बोललो. तो म्हणाला, “लिवलं तरी शिव्या, न्हाई लिवलं तरी शिव्या. मग काम तरी करू दे.”

पोरानं पैसे खाल्ले, ही कुजबुज वडवणीच्या बाजारात मित्राच्या वडिलांच्या कानावर गेली. उन्हाळा होता, रानं मोकळी होती. लेंडीखतासाठी रात्रभर शेतात मेंढरं बसवायची तर शेतकरी धनगराला धान्य देतो, नाहीतर पैसे. वडिलांनी वर्गणी दिलेल्या एकाच्या रानात कळप बसवला आणि काही घेतलं नाही. मग दुसऱ्याच्या. आम्हाला कळेपर्यंत गावाचा निकाल लागला होता: बाप फेडतोय, म्हणजे पोरानं खाल्लंच.

मी भडकलो. पत्रक छापून घरोघर टाकू, म्हणालो. मित्र म्हणाला, पत्रक नको, सोबत चल.

सकाळी आम्ही रानात पोचलो. रान होतं केज-धारूर काळी-पिवळी जीप चालवणाऱ्याचं. वर्गणीदार तोही, आणि सगळ्यात मोठ्यानं बोलणाराही तोच. वडील वाघर, म्हणजे कळपाभोवती लावायचं जाळं, गुंडाळत होते.

“आबा, कावून बसवली हितं?” मित्रानं विचारलं.

“उचल हाय ती. फिटाया नको?”

“उचल न्हाई ती. काम व्हावं म्हणून लोकांनी हातभार लावला.”

“मग काम कुठं हाय?”

सगळं काम मित्राच्या लॅपटॉपमध्ये होतं आणि घरात ते कुणी पाहिलंच नव्हतं. त्यानं बांधावर बसून लॅपटॉप उघडला. जीपवाला चहा घेऊन आला होता, तोही वाकला. वडील थोडे मागे उभे राहिले.

जीपवाल्यानं खेळायला घेतलं. पहिल्याच वळणावर त्याची निम्मी मेंढरं दरीत गेली.

“ह्यो कसला घाट बे? हितं म्या जीप घालणार न्हाई.”

“एकट्यानं जमतंय. दोघं खेळाया लागले की कळप फुटतोय, तिथंच अडलंय,” मित्र म्हणाला. “कवा व्हईल, सांगता येत न्हाई.”

“मग हे बोलायचं की. आमाला वाटलं, पुण्यात गाडी घेतली तू.”

“घेतली असती तर तुज्या जीपीत लोंबकळत आलो असतो का?”

जीपवाला हसला. मग वडिलांकडे वळून त्यानं खताचे पैसे पुढे केले. वडिलांनी आधी पोराकडे पाहिलं. पोरानं होकाराची मान हलवली, तेव्हा त्यांनी ते घेतले आणि कळप घराकडे वळवला. पुढच्या वर्गणीदाराच्या रानात तो गेला नाही.

खेळ अजून अपुराच आहे. मित्र आता दर महिन्याला काय मोडलं, काय जुळलं ते लिहितो, आणि शिव्या पडल्या तरी लिहितो. जीपवाला प्रवाशांना सांगतो, “काम चालू हाय, म्या बघितलंय. पण लई राह्यलंय.” निम्मे प्रवासी मानतात, निम्मे त्यालाच वेड्यात काढतात.

अशा रखडलेल्या खेळाला तुम्हीही पैसे दिले असतील, तर आज त्या बनवणाऱ्याला एवढं लिहा: काय झालंय, काय अडलंय, आहे तसं दाखव. त्यानं लपवलं तर चारचौघांत जाब विचारा, मीही तुमच्यासोबत विचारीन. पण आधी ते एक वाक्य लिहून पाठवा.