बसून असलेल्या बाईचा वाटा

आमच्या घरी शेवटच्या वेचणीचा कापूस बायांचा असायचा. आधीच्या वेचण्यांचा माल गाडीत भरून जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात जायचा, तो घराचा. मग पऱ्हाटीवर जो किडका, अर्धा उमललेला कापूस उरतो, तो ज्या बाईनं वेचला तिचा. तो विकून ती काय घेते हे कोणी विचारायचं नाही, अशी रीत होती. माझ्या जाऊबाईंनी एका साली त्यातून पितळी डबा घेतला होता आणि कासाराकडून त्यावर स्वतःचं नाव घालून आणलं होतं. नवऱ्याचं नाही, स्वतःचं! मला तेव्हा अक्षर म्हणून माझं नाव तेवढं ओळखू यायचं, तेही मीच कोळशानं भिंतीवर गिरवून शिकलेली. तर मलाही एक भांडं पाहिजे होतं, माझ्या नावाचं. त्या साली घेईन म्हणून मी ठरवलंच होतं.

महाराष्ट्र नुकताच झालेला. आमचं गाव धाड गावाच्या बाजूला. घरात सासू, थोरले भाऊजी म्हणजे माझे भासरे, जाऊबाई, आमचे मालक आणि मी.

सासूबाईंचं वर्षभरापासून काहीतरी बिनसलं होतं. मीठ दोनदा घालायच्या, मला विचारायच्या, "तू कोनाची वं पोरी?" आम्ही हसण्यावारी न्यायचो. वय झालं म्हणायचो. पण गावाला कळलं ते सीतादहीच्या दिवशी.

पहिल्या वेचणीला आमच्याकडे सीतादही करतात. वावरात पऱ्हाटीखाली सात खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभात शिंपडायचा आणि घरातल्या थोरल्या बाईनं पहिलं बोंड वेचायचं. तोवर मजूर बाया कमरेला फडकं बांधत नाहीत. सासूबाईंनी खडे मांडले, सातच्या सात, ओळीत. हळदकुंकू वाहिलं. मग मांडी घालून बसल्या आणि दहीभाताचा वाडगा मांडीवर घेऊन सगळा खाल्ला. बोटं चाटली. वर मला म्हणाल्या, "लोणचं नाई आनलं का वं?"

कोणी हसलं नाही. मजूर बायांमधली एक म्हातारी पुढं आली. "देवीचं उष्टं झालं बाई. आज या वावराले आमचा हात लागत नाई." आणि निघाल्या सगळ्या. दोन दिवस फुटलेला कापूस तसाच उभा. तिसऱ्या दिवशी जाऊबाईंच्या हातून पुन्हा सीतादही केली तेव्हा कुठं त्या आल्या.

भाऊजींनी त्याच संध्याकाळी सांगून टाकलं, "बुढीले आता वावरात आनाचं नाई. वेचनी होईस्तोवर कोठ्यात बांधून ठेवा. एक एक हात मोलाचा आहे."

कोठ्यात! जिनं त्यांना दूध पाजलं तिला गुरांच्या कोठ्यात! मी तेव्हा भासऱ्यासमोर बोलत नव्हते, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत. मालकांना आत बोलावलं आणि म्हटलं, "सांगा त्याइले, मी बसतो आत्याबाईजवळ." मालकांनी बाहेर जाऊन सांगितलं. बाहेरून उत्तर आलं, "बसू दे मंग."

हा 'बसू दे' शब्द मी विसरले नाही. कारण ऐका, बसणं म्हणजे काय होतं ते. सासूबाईंच्या मनानं घेतलं होतं की घरातलं पाणी शिळं आहे. विहिरीवरून घागर आणून ठेवावी, की त्यांनी अंगणात ओतलीच. दिवसातून पाच पाच वेळा. माणसांना पाहिजे, गुरांना पाहिजे, मी पुन्हा विहिरीवर. विहिरीवर जाताना त्यांचं मनगट माझ्या एका हातात, नाहीतर त्या धाडच्या रस्त्याला लागायच्या आणि येईल त्या बैलगाडीत चढून बसायच्या. गाडीवानाला म्हणायच्या, "माह्या बापाच्या घरी ने." बाप मरून किती वर्षं झालेली! लुगड्यात घाण व्हायची, ती मी धुवायची. घास भरवावा तर तोंडात धरून ठेवायच्या, गिळायचं विसरून जायच्या. जाऊबाई संध्याकाळी वावरातून येऊन हातपाय पसरायच्या. माझी संध्याकाळ कधी व्हायचीच नाही.

आणि गाव! ज्या बायांच्या बाळंतपणात सासूबाई रात्र रात्र बसल्या, त्याच पाणवठ्यावर म्हणायच्या, "हिची मजा आहे बाई. वेचाले जाव नाई लागत."

शेवटची वेचणी आली. मी मालकांना म्हटलं, माझ्या वाट्याचं काय? ते विचारून आले. मान खाली. "दादा म्हनते, वेचलं नाई त्याले वाटा कसा? रीत आहे."

मग मला चढला राग. म्हटलं, "ठीक आहे. उद्या मी वेचाले जातो. रीतच पाळतो. माय त्याइची आहे, एक दिवस त्याइनं बसाव."

आणि गेले. जाऊबाई वाटेत पदर तोंडाला लावून हसत होत्या. "भल्ली हायेस तू! आज कळंन त्याइले." वावरात दिवसभर आम्ही मोठ्यानं बोललो, गाणी म्हटली. खोटं कशाला बोलू, तो दिवस मला फार गोड लागला.

संध्याकाळी घरी आलो तर भाऊजी ओट्यावर, डोक्याला फेटा नाही, धोतर चिखलानं भरलेलं. घरात पाण्याचा थेंब नाही. पुरुषमाणूस डोक्यावर घागर घेऊन विहिरीवर कसा जाणार? गुरं हंबरत होती. जाऊबाईंनी विचारलं, "बुढी कुठं हाय?" तर त्यांनी कोठ्याकडे बोट दाखवलं.

मी कोठ्यात गेले. वासराच्या दाव्यानं हाताला बांधलेल्या. मनगटावर वळ उठला होता, लुगडं तसंच घाण. माझ्याकडे पाहून त्या एवढंच म्हणाल्या, "सोडतं का वं बाई? मी कोनाचं काई नाई घेतलं."

त्यांना चोरी केल्याची शिक्षा वाटत होती हो! मी दावं सोडलं, विहिरीवर गेले, अंघोळ घातली. तो वळ माझ्यामुळे पडला, हे मी आजही नाकारत नाही. पण माझ्या एकटीमुळे नाही. दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा घरी. म्हणजे जिंकले तेच. घरचे शहाणे असतात, त्यांना माहीत असतं कोणाला वळ पाहवत नाही. त्याच बाईच्या गळ्यात काम पडतं.

आता पेपरात येतं, या विसरण्याच्या आजारानं देशाचं केवढं नुकसान होतं. औषधं, दवाखाने, कमावत्या माणसाचे बुडालेले दिवस. पुढं वाचायला शिकले, आता वाचते मी सगळं, चष्मा लावून. आणि विचारते, माझे दिवस कुठं धरले? मी कमावती नव्हतेच ना कागदावर. जे कधी मांडलंच नाही ते बुडालं तरी कसं दिसणार?

कागदाचं सांगते. त्याच महिन्यात शाळेचे गुरुजी शिरगणतीचे कागद घेऊन दारात आले. भाऊजी खाटेवर बसून सांगत होते, मी दाराआड सासूबाईंना भाकरी कुस्करून देत होते. जाऊबाईंचं विचारलं, भाऊजी म्हणाले, "शेतीत काम करते." माझं विचारलं.

"ते काई नाई करत. घरीच असते."

ओट्यावर अर्धा दिवस बसून ज्या माणसानं दावं हातात घेतलं, तो माणूस हे म्हणाला! मी दाराआडूनच बोलले, "गुरुजी, लिहा, सासूले सांभाळते म्हनून."

गुरुजी भला माणूस. कागद वरखाली पाहिला. "बाई, याले रकाना नाई." आणि पुढं लिहायला लागले.

चार दिवसांनी अंगणात बायांच्या कापसाची गाठोडी वेगळी काढली. भाऊजी उभे होते. मी पदर मागं सारला आणि जन्मात पहिल्यांदा त्यांच्यासमोर उभी राहिले.

"मोठे भाऊजी, एक गाठोडं माहं."

"वेचलं किती तू?"

"एक दिवस. बाकीचे दिवस तुमची माय सांभाळली. तुमच्यानं एक दिवस नाई झालं, म्हनून दावं लावलं तुमी."

मालक आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिले. भाऊजी लाल झाले, म्हणाले, "सुनाइले लय तोंड फुटलं या घरात," आणि जोडा घालून बाहेर निघून गेले. जाऊबाईंनी आपल्या गाठोड्यातून दोन कवळ कापूस काढून माझ्या पुढ्यात टाकला. "घे वं. माह्याकडून घे."

मी उचलून परत त्यांच्या गाठोड्यात ठेवला. बोंडांच्या टोकांनी त्या बाईच्या बोटांना चिरा पडल्या होत्या, नखांत रक्त सुकलेलं. तिच्या मेहनतीतून माझी भरपाई कशाला? मला वाटा घराच्या मालातला पाहिजे होता, भाऊजींनी स्वतःच्या हातानं दिलेला. सासूबाई त्यानंतर चार वर्षं जगल्या, चारही वर्षं मीच त्यांच्याजवळ होते, आणि तो मला एकाही साली मिळाला नाही.