बाळंतपणाच्या बाई

बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा मी शाळेत होते. आधी पगार लांबले, मग गेटला कुलूप लागलं. बाबा साचेखात्यातले, मागावर कापड विणणारे. साच्यांच्या खडखडाटात मोठमोठ्याने बोलायची सवय लागलेला माणूस घरी बसला आणि बोलेनासाच झाला. आईने डबे सुरू केले. भोईवाड्यातल्या आमच्या एका खोलीत पहाटेपासून चपात्यांची चळत लागायची आणि परळच्या ऑफिसांत डबे जायचे. त्या डब्यांवर घर चाललं आणि त्याच डब्यांवर मी कॉलेजात गेले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. मी गेले, आणि तिथे मला बाई भेटल्या.

कॉलेजात बाकी सगळ्या मॅडम होत्या, या एकट्याच बाई. प्राणिशास्त्र शिकवायच्या. पोरांनी त्यांचं नाव 'बाळंतपणाच्या बाई' ठेवलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. कारण विषय कुठलाही असो, बाईंची गाडी शेवटी गर्भारपणावर यायची. रक्ताभिसरण शिकवताना गर्भाची वार यायची, हाडं शिकवताना कमरेचं हाड. हत्तीण जवळजवळ दोन वर्षं पोट वागवते, घोडी अकरा महिने, उंदरीण तीन आठवड्यांत मोकळी होते, हे त्या असं सांगायच्या, जसं आपण नात्यातल्या बायकांविषयी सांगतो. स्वतः अविवाहित. गिरगावात खोताच्या वाडीच्या तोंडाशी एकट्या राहायच्या. मागच्या बाकावरून एकदा कुणीतरी विचारलं, बाई, तुम्हाला अनुभव नसताना एवढं कसं ठाऊक? बाई म्हणाल्या, "अरे, मी देवमासाही नाही. तरी तोही शिकवते ना?"

प्रॅक्टिकलला त्यांनी एकदा दादरच्या बाजारातून मुशी, म्हणजे छोटा शार्क मासा, आणली. आमच्या घरी तिला मोरी म्हणतात आणि तिचं सुकं मी लहानपणापासून बोटं चाटून खाल्लेलं. बाईंनी ती उघडली तर आत पिल्लं, आणि प्रत्येक पिल्लाला नाळ. मासा, आणि त्याला नाळ! अंडी घालून निघून जाणारे मासे पुष्कळ, पण ही बया पोटात रक्तावर वाढवते, असं म्हणताना बाईंचा चेहरा असा उजळला की वाटावं, मुशी त्यांच्या माहेरचीच. त्या दिवशी घरी जाऊन मी आईला सगळं सांगितलं. आई म्हणाली, "बाये, आता मी ती खावची कशी?" पुढच्या रविवारी खाल्लीच म्हणा.

बाईंचं एक वाक्य मात्र मला वहीत न लिहिताही पाठ आहे. हरणाचं पाडस जन्मल्यावर थोड्याच वेळात उभं राहतं. माणसाचं पोर वर्षभर नुसतं पडून असतं. का? बाई म्हणायच्या, "माणसाचं पिल्लू अर्धवटच बाहेर येतं. उरलेलं बाळंतपण घरातल्यांनी करायचं असतं."

मी शेवटच्या वर्षाला गेले आणि आईला दिवस राहिले.

मी लग्नाच्या वयाची, आणि आई गरोदर. चाळीत कुजबूज सुरू झाली. नळावर बायका आईला बघून भांडी जोरात घासायच्या. शेजारच्या सुलोचनाकाकू तोंडावरच म्हणाल्या, "लेकीचं बाळंतपण करायच्या वयात स्वतःचं काढलंस होय गो?" आई मान खाली घालून हसली आणि घरात येऊन रडली. बाबा तर गॅलरीत उभे राहायचेच बंद झाले. त्यात आईचं ब्लडप्रेशर वाढलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मूल हवं असेल तर आता पलंगावरून उठायचं नाही.

मग डबे कोण करणार? हा प्रश्न घरात कुणी विचारला नाही, कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं. मी कॉलेजला जायचं थांबवलं. चपात्या लाटायला लागले. बाबा डबे पोचवून यायचे आणि भिंतीकडे तोंड करून बसायचे. ओट्याला हात लावायचा नाही हे त्यांनी कधी ठरवलं नव्हतं, त्यांच्या घराण्यात कुणी लावलाच नव्हता. परीक्षा जवळ येत होती. मी पदवीला मुकणार हे मला दिसत होतं, आईलाही दिसत होतं.

मी वर्गात दिसेनाशी झाले म्हणून बाई पत्ता काढत आमच्या खोलीत आल्या. आईच्या पलंगाच्या कडेला बसल्या. आईची लाज त्यांनी दोन मिनिटांत ओळखली आणि हत्तिणीची गोष्ट काढली. हत्तीण आजी झाली तरी तिला पिल्लू होतं, आणि कळपात त्याचा कोण आनंद. थोरल्या लेकी पुढे होऊन त्याला उठवतात, चिखलातून ओढतात, जपतात. कळपात कुणी कुणाला नावं ठेवत नाही. आईचा चेहरा किती दिवसांनी खुलला. ती उठून बसली आणि म्हणाली, "म्हणजे बघा, जनावरांतसुद्धा थोरली लेकच सांभाळते. आमची ही आहेच की."

बाबांनीही मान डोलावली. बाई चहा अर्धा टाकून उठल्या. जिन्याशी पोचल्यावर मला म्हणाल्या, "आज मी चुकीचा प्राणी आणला."

दोन-तीन दिवसांनी परत आल्या, तेव्हा हातात पिशवी होती. पिशवीतून त्यांनी काचेची बरणी काढली, ती आमच्या ओट्यावर, बरोबर पोळपाटाशेजारी ठेवली. आत औषधात बुडवलेला घोडामासा, घोड्याच्या तोंडाचा चिमुकला समुद्रघोडा. पोट टम्म फुगलेलं. आईची विचारपूस केली, मला नोट्स दिल्या, आणि बाबांशी एक शब्द न बोलता बसून राहिल्या. शेवटी बाबाच उठले. बरणी हातात घेतली.

"गाभण दिसते," बाबा म्हणाले.

"आहे. पण ती नाही, तो. नर आहे."

बाबांनी बरणी फिरवून पाहिली. नराला पोट? बाईंनी समजावलं. मादी आपली अंडी याच्या पोटावरच्या पिशवीत सोडते. तिथून पुढे सगळं हाच करतो. आत जपतो, पोसतो आणि वेळ आली की कळाही हाच देतो.

"आणि तोपर्यंत मादी काय करते?"

"तिला पुढची अंडी तयार करायची असतात. तिचं काम तिला, याचं काम याला. समुद्रात याला कुणी हसत नाही."

बाबांनी बरणी परत ओट्यावर ठेवली. मग गंभीर चेहऱ्याने विचारलं, "युनियन आहे काय ह्यांची?" आई पलंगावर हसू दाबता दाबता दमली. गिरणी बंद झाल्यापासून बाबांनी केलेला तो पहिला विनोद. बाईंनी त्यांना 'तुम्ही करा' असं एकदाही म्हटलं नाही. निरोप घेताना बरणी मात्र न्यायला विसरल्या. मुद्दाम.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती पोळपाटाच्या आवाजाने. बाबा कणीक मळून बसले होते आणि आई पडल्या पडल्या फर्मानं सोडत होती. पाणी कमी, हात हलका, कडा पातळ. पहिल्या चपात्या कुठल्याही आकाराच्या झाल्या. एका गिऱ्हाइकाने डब्यात चिठ्ठी पाठवली, आजच्या चपात्या साप्ताहिक सुट्टीवर होत्या का म्हणून. बाबांनी ती चिठ्ठी आईला वाचून दाखवली आणि दुसऱ्या दिवशी आणखी लवकर उठले. साचा चालवलेला माणूस, हाताला ताल होताच. आठवड्याभरात चपात्या गोल झाल्या. मी कॉलेजात परत गेले. तिकडे प्रयोगशाळेतले शिपाईमामा बाईंना विचारत होते, घोडामासा कुठे गेला? बाईंनी सांगितलं, "बाळंतपणाला गेलाय."

सातवा लागला तेव्हा बाईंनीच डोहाळजेवणाचा विषय काढला. आई नको नको म्हणत राहिली, ह्या वयात कुणाला दाखवायचं? बाबा म्हणाले, मी रांधतो. आणि खरंच त्यांनी दार उघडं ठेवून, अख्ख्या चाळीला दिसेल असं रांधलं. भात, वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, शेवयांची खीर. वास सुटला तशा बायका आल्या. आधी बघायला आल्या, मग बसल्या. आईच्या केसांत मी फुलं माळली. ओटी भरायची वेळ आली तशा बाई हळूच उठून दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना रीत माहीत होती. सुलोचनाकाकूंनी खण-नारळ उचललाही होता.

आईने पदर मिटून घेतला. म्हणाली, "पहिली ओटी बाई भरतील."

काकू म्हणाल्या, "अगो, सवाष्णीने भरायची असते."

"ठाऊक आहे. बाईंनी भरली की मग तुम्ही भरा. नाहीतर राहू दे."

बाबा डाव हातात धरून उभे होते. मग काकूंनीच पुढे होऊन खण-नारळ बाईंच्या हातात दिला. प्रत्येक प्रसंगाला एक प्राणी काढून देणाऱ्या बाईंना त्या दिवशी एकही सुचला नाही. त्यांनी आईची ओटी भरली. थोडे तांदूळ खाली सांडले. आईने ते एकेक वेचून पदरात घेतले.

माझ्या शेवटच्या पेपरच्या आदल्या दिवशी भाऊ झाला. आई-बाळ दोघंही सुखरूप. रात्री हॉस्पिटलात बाबा थांबले, मला त्यांनी अभ्यासाला घरी हाकललं. घरी आल्यावर बाळाला न्हाऊमाखू घालायला मालीशवाली ठेवली होती, पण दुपट्यात गुंडाळणं, झोपवणं, खांद्यावर घेऊन गॅलरीत फेऱ्या मारणं बाबांनी केलं. बाबा पुन्हा मोठ्याने बोलायला लागले, आणि चाळीला त्याचाही त्रास व्हायला लागला.

बाई पुढे निवृत्त झाल्या. गिरगावात मी त्यांच्याकडे जायचे तेव्हा त्या मला खुर्चीत बसवून, मी माझ्या वर्गात शिकवलेला धडा मलाच परत शिकवायच्या. गेल्या वर्षी त्या गेल्या. खांदा द्यायला त्यांचे भाचे होते आणि माझा भाऊ होता. तो आता उंच झालाय. कुणी त्याला विचारलं, तू त्यांचा कोण? तो म्हणाला, "मी त्यांचा विद्यार्थी नाही. पण मी पोटात असताना पहिली ओटी त्यांनी भरली होती."

भाऊ झाला त्याच वर्षी मी बी.एस्सी. झाले, पहिल्या वर्गात. पुढे एम.एस्सी. केलं. आज मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर.